ओला रस्ता, तीन चाके

जूनमधला पहिला दमदार पाऊस कधी कधी नेमका शाळा-कचेऱ्या सुटायची वेळ गाठतो. त्यानंतर तासाभरात सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक ठरलेले दृश्य दिसते. बाकावर एका हाताने दुसरा हात उचलून धरलेला रिक्षाचालक, खाकी गणवेश चिखलाने माखलेला. शेजारी ओठ फुटलेली, समोरचा दात हलू लागलेली प्रवासी बाई. तिच्याजवळ गुडघे सोलवटलेले, दप्तर छातीशी धरून बसलेले मूल. काय झाले म्हणून विचारले, की तिघांचे उत्तर सारखेच असते : ‘वेग काही फार नव्हता. वळताना घसरली आणि आडवी झाली.’

हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते. तीस-पस्तीसचा वेग कोणालाच फार वाटत नाही. त्याच वळणावरून तीच रिक्षा त्याच वेगाने उन्हाळाभर सुखरूप गेलेली असते. पावसाने रस्ता बदलतो. हाताची आणि पायाची सवय मात्र कोरड्या रस्त्याचीच राहते.

मोटारीत बसलेल्याला दार असते, पट्टा असतो, काही गाड्यांत हवेची पिशवी असते. दुचाकीस्वाराच्या डोक्यावर निदान हेल्मेट असते, किंवा असायला हवे. रिक्षातल्या माणसाला यातले काहीच नाही. दोन्ही बाजू उघड्या, डोके उघडे, समोर लोखंडी दांडी. म्हणून रिक्षा आडवी झाल्यावर कोणाला किती लागणार, हे जवळजवळ पूर्णपणे वेगावर ठरते. आणि तो वेग वळण येण्याआधीच ठरवावा लागतो.

तिवईचा तोल

इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये स्कूटरच्या मागे दोन चाके जोडून ‘आपे’ नावाचे तीनचाकी वाहन आणले. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. आपल्याकडच्या रिक्षाचा मूळ आराखडा तोच आहे : पुढे एक चाक, स्कूटरसारखे हँडल, मागे दोन चाके आणि मागेच इंजिन. त्यामुळे रिक्षा हलकी असते, कमी खर्चात चालते आणि बोळाच्या तोंडाशी जागच्या जागी वळते. तिची कमजोरीही याच रचनेत आहे.

तीन चाके रस्त्याला जिथे टेकतात, ते तीन बिंदू जोडले की पुढे निमुळता होत जाणारा त्रिकोण तयार होतो. गाडीचा भार या त्रिकोणाच्या आत राहतो तोवर ती उभी राहते. वळताना हा भार बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. ब्रेक लावला की तो पुढे सरकतो. वळता वळता ब्रेक लावला, तर दोन्ही गोष्टी एकदम होतात आणि भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातो. चारचाकीला त्या कोपऱ्यात चाक असते, रिक्षाला नसते. तिवईवर बसलेला माणूस दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकला की तिवई कलंडते, तसेच हे आहे.

ओल्या रस्त्यावर गाडी कलंडण्याऐवजी घसरेल, असे एखाद्याला वाटेल. सुरुवात घसरण्यानेच होते. पुढचे चाक ब्रेकने जागीच अडकले की ते फिरत नाही, नुसते सरकते. मग हँडल कितीही वळवले तरी गाडी सरळच जाते. आडवी सरकत गेलेली रिक्षा खड्ड्याच्या कडेला, दुभाजकाला किंवा रस्त्याच्या खडबडीत तुकड्याला अडते. चाक थांबते, वरचा भार थांबत नाही. चालताना पाय अडखळलेला माणूस पुढे कोसळतो, तशी ती कोसळते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण अंगवळणी पाडावा लागतो. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, हलक्या आणि टप्प्याटप्प्याच्या दाबाने लावायचा. गिअर खाली आणून इंजिनाच्या ताकदीने वेग उतरवायचा. वळणात ब्रेकही नको आणि जोराचा अॅक्सिलरेटरही नको. गाडी सरळ झाली की मग वेग घ्यायचा. उतारावर गॅस वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय पावसात फार महागात पडते. इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ओल्या ब्रेकवर येतो.

चालकाशेजारची ‘चौथी सीट’ हे याच गणितातले दुसरे दुखणे. मागच्या बाकावरच्या तिघांचे वजन रुंद बाजूवर पडते. पुढे अर्धवट टेकलेल्या माणसाचे वजन निमुळत्या टोकाकडे जाते, चालकाचे कोपर अडते आणि हँडल पूर्ण वळत नाही. रिक्षा आडवी झाली की बहुधा हाच माणूस सर्वांत आधी बाहेर फेकला जातो.

पहिल्या सरीचा रस्ता

संततधार पावसापेक्षा पहिली भुरभुर जास्त धोक्याची असते. उन्हाळाभर रस्त्यावर इंजिनाचे तेल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ साचलेली असते. थोडे पाणी पडले की या सगळ्याचा बुळबुळीत लेप तयार होतो. दमदार पाऊस तासभर कोसळला की तो धुऊन निघतो. आठ-दहा दिवस उघडीप पडून पुन्हा सर आली, तर हाच प्रकार पुन्हा होतो. त्यामुळे प्रत्येक उघडिपीनंतरचा पहिला अर्धा तास वेग निम्मा करण्याचा, असे मनाशी पक्के करून टाकावे.

काही जागा तर पावसाळाभर निसरड्या राहतात. झेब्रा पट्ट्यांचा आणि गतिरोधकांचा रंग, गटारांची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलाच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या, रेल्वे फाटकातले रूळ, झिजून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक. गुलमोहराखाली पडलेला पाकळ्यांचा सडा दिसायला सुंदर असतो, चाकाखाली मात्र तो साबणासारखा सरकतो. गावाकडच्या रस्त्यावर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती असते. अशा जागी हँडल सरळ ठेवून, ब्रेकला हात-पाय न लावता, संथपणे पार व्हावे. रूळ तिरके न ओलांडता शक्य तितके काटकोनात ओलांडावेत.

टायरच्या खाचा चाकाखालचे पाणी बाजूला फेकण्यासाठी असतात. खाचा झिजल्या की ते पाणी चाक आणि रस्ता यांच्यामध्ये थरासारखे राहते. वर्षभर चालवलेला टायर ‘अजून एक महिना काढेल’ म्हणून जूनमध्ये ठेवणे, ही पावसाळ्यातली सर्वांत खोटी बचत. निदान पुढचा टायर तरी झिजलेला किंवा रिमोल्ड केलेला नसावा, कारण दिशा त्या एकाच चाकाच्या हाती असते.

साचलेल्या पाण्याचा अंदाज मुठीपासून पसरलेल्या बोटांपर्यंत घ्यावा. रिक्षाचे चाक साधारण दीड फूट उंच असते. त्याच्या निम्मे म्हणजे जेमतेम एक वीत. वीतभरापेक्षा खोल किंवा वाहते पाणी असेल, तर त्यात रिक्षा घालू नये. खालचा खड्डा दिसत नाही, उघडे गटार दिसत नाही आणि वाहते पाणी हलकी गाडी सहज बाजूला लोटते. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरलेले असते, त्यामुळे ब्रेक उशिरा लागतो. थोडे अंतर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलका दाबला की घर्षणाच्या उष्णतेने तो कोरडा होतो.

थांबायला किती जागा लागते?

समोर अचानक काही आले की ते दिसणे, मेंदूला कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने त्या एका सेकंदात रिक्षा ११ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेकचे काम सुरू होते. ब्रेक आणि टायर चांगले आहेत असे धरून ढोबळ हिशेब केला, तर कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत एकूण २० मीटर लागतात आणि ओल्या रस्त्यावर सुमारे २७. पहिल्या सरीच्या निसरड्यावर आणखी जास्त. वेग २५ असेल, तर त्याच ओल्या रस्त्यावर सुमारे १३ मीटर पुरतात.

वेग ४० वरून २५ वर आला, की अंतर निम्मे होते. धडक झालीच, तर तिची ऊर्जा चाळिसाच्या वेगाच्या तुलनेत ४० टक्क्यांहून कमी राहते, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पाच किलोमीटरच्या फेरीत या सावकाशीला साडेचार मिनिटे जास्त लागतात. सिग्नल आणि कोंडी धरली तर प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावे, याची एक सोपी मोजणी आहे. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार’ म्हणावे. ‘एकशे चार’ पूर्ण होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे.

उघड्या गाडीतल्या इजा

रिक्षातल्या जखमांची स्वतःची एक ओळख आहे. मागे बसलेला प्रवासी पुढे फेकला जातो आणि चालकाच्या सीटमागच्या दांडीवर त्याची हनुवटी, दात, नाक किंवा छाती आदळते. बाहेर काढलेले कोपर शेजारून जाणाऱ्या वाहनाला किंवा खांबाला घासून चेंदले जाते. रिक्षा कलंडताना माणूस आधारासाठी हात बाहेर टाकतो आणि तोच हात गाडीखाली सापडतो. ओढणी किंवा पदर बाहेर लोंबत असेल, तर तो चाकात अडकून गळ्याला फास बसतो. अशा इजांत स्वरयंत्र आणि मानेचे मणके दुखावतात.

चालकाला वेगळाच धोका असतो. हँडलचे टोक पोटात घुसते. वरून फक्त एक लाल वण दिसतो, पण आत प्लीहा, यकृत किंवा आतडे फाटलेले असू शकते. रक्तस्राव हळू असेल, तर चालक उठतो, गाडी उभी करतो, कधी कधी पुढची फेरीही मारतो. काही तासांनी पोट दुखते, फुगते, चक्कर येते. प्लीहेच्या रक्तस्रावात डावा खांदा दुखू शकतो. त्याचे कारण पोटात आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. अपघातानंतर पोटाला मार लागला असेल आणि दुखणे वाढत असेल, तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नये, रुग्णालयात यावे.

डोक्याच्या माराचेही असेच आहे. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली की कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. सुरुवातीला क्षणभर आलेली बेशुद्धी ओसरते, माणूस बोलतो, चहा पितो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो. पुढच्या काही तासांत साठलेले रक्त मेंदूला दाबते. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, हातापायातली ताकद कमी होणे, एक बाहुली मोठी दिसणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पातळ पाणी येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर थांबण्यात अर्थ नाही. वेळेवर शस्त्रक्रिया झाली, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. डोके आपटलेल्याला पहिले २४ तास एकटे ठेवू नये.

चालकाचे शरीर हाही गाडीचाच भाग

पाऊस हा रिक्षाचालकाच्या कमाईचा दिवस. प्रवासी जागोजागी हात करत असतात, गाडीचा हप्ता किंवा मालकाचे रोजचे भाडे डोक्यावर असते. बारा-बारा तास ओल्या कपड्यांत बसून बोटे गारठतात आणि क्लच-गिअरची हालचाल मंदावते. ओली रबरी चप्पल ब्रेकच्या पेडलवरून सटकते. पाय धरून ठेवणारी, खडबडीत तळव्याची सँडल आणि सीटखाली एक कोरडा शर्ट व पंचा, एवढी तयारी पुष्कळ उपयोगी पडते.

पावसाळ्यातली सर्दी आणखी एक धोका घेऊन येते. दुकानातून सहज मिळणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या अनेक गोळ्यांत आणि औषधांत क्लोरफेनिरामिन हे औषध असते. ते नाक कोरडे करते आणि सोबत गुंगीही आणते. झोप आली नाही तरी प्रतिक्रिया मंदावते. वाहन चालवणाऱ्याने औषध घेताना ‘मी रिक्षा चालवतो’ हे डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्याला आवर्जून सांगावे. अंगात ऊब यावी म्हणून घोटभर दारू घेणे तर दुप्पट चुकीचे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात. ऊब वाटते, पण शरीर उलट जास्त उष्णता गमावते.

चाळिशीनंतर डोळे वर्षातून एकदा तपासून घ्यावेत आणि ती तपासणी पावसाआधी झाली तर उत्तम. मोतीबिंदूच्या सुरुवातीला तक्त्यावरची अक्षरे नीट वाचता येतात. पण रात्री ओल्या काचेवर समोरच्या दिव्यांचा प्रकाश फुटला, की काळी छत्री घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. मधुमेह असलेल्यांनी डोळ्यांच्या पडद्याचीही तपासणी करावी. वायपरचे रबर बदलणे आणि बाजूच्या पडद्याला आरसा दिसेल इतका पारदर्शक तुकडा लावणे, ही कामे त्याच यादीत येतात.

पहिली दहा मिनिटे

रिक्षा उलटल्यावर सगळे धावतात आणि पहिल्यांदा गाडी सरळ करतात. तिथेच थोडे थांबायला हवे. आधी इंजिन बंद करावे, गॅसचा वास येत असेल तर जवळपास कोणी काडी पेटवू नये, आणि दोघांनी मागून येणारी वाहने थांबवावीत. गाडीखाली माणूस असेल, तर ती त्याच्या अंगावरून लोटू नये. चार-सहा जणांनी धरून वर उचलावी.

जखमी माणूस डबक्यात पडला असेल, तर त्याचे तोंड आधी पाण्याबाहेर काढावे. मान दुखते किंवा हातापायांना मुंग्या येतात असे तो सांगत असेल, तर त्याला बसवू नये. हलवावेच लागले तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी हलवावे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा मिनिटे सलग दाबावे, मध्येच उचलून पाहू नये. हळद किंवा चहापूड भरू नये. पाणी किंवा चहा पाजू नये, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते.

पावसातल्या अपघातात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे ऊब. रक्त गोठवणारी शरीरातली यंत्रणा ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास नीट चालते. रक्त गेलेला माणूस ओल्या कपड्यांत, वाऱ्यावर, डांबरावर पडून राहिला, तर महाराष्ट्राच्या पावसाळ्यातही त्याचे तापमान उतरते. तापमान ३५ च्या खाली गेले की रक्त नीट गोठत नाही. रक्त थांबत नाही म्हणून शरीर आणखी गार पडते. शक्य तेवढे ओले कपडे दूर करून, खाली-वर चादर, सतरंजी, रिक्षाचा कोरडा पडदा, जे मिळेल ते घालून त्याला झाकावे. फुकटात करता येण्याजोगा हा मोठा उपचार आहे.

याच दरम्यान एकाने १०८ ला फोन करावा. पोलीस चौकशीच्या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमा नंतर साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. जखम साचलेल्या पाण्यात भिजली असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी वेळेत गोळ्या देता येतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळा किंवा लाल डोळे दिसले, तर पुन्हा दाखवावे.

यातले बरेचसे चालकाच्या हातात आहे, पण सगळे नाही. पावसात भिजत उभा असलेला प्रवासी आत बसतो आणि पहिले वाक्य म्हणतो : ‘दादा, जरा पटकन घ्या ना, गाडी सुटेल.’ चालकाच्या मनगटावर त्या वाक्याचा परिणाम होतो. त्याऐवजी पदर आत घेऊन, मुलाला मधे बसवून, ‘सावकाश घ्या, घाई नाही’ एवढे म्हटले, तर चालकालाही सावकाश जाण्याची मोकळीक मिळते. साडेचार मिनिटांचा हा व्यवहार आहे. बाकावर दप्तर धरून बसलेल्या त्या मुलाच्या आईला विचारले, तर ती तो दरवेळी आनंदाने करेल.